कृषी शिक्षकांचं ड्रोन प्रशिक्षण, नाशिक: वर्गात काय उपयोगी पडलं, काय नाही

गंगापूर रोडला कृषी शिक्षकांसाठी ड्रोन आणि काटेकोर शेतीचं (म्हणजे वावरातल्या जागेजागेची गरज मोजून खत-पाणी-औषध देण्याचं) आठवडाभराचं प्रशिक्षण असतं. डिसेंबरातली बॅच मी केली. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका कृषी पदविका विद्यालयात वनस्पतिरोग आणि फळबाग शिकवतो. आमची मुलं-मुली बहुतेक द्राक्ष, टोमॅटो नाहीतर कांदा पिकवणाऱ्या घरांतली. फवारणीचा ड्रोन त्यांच्या गावात एकरी भाड्याने येऊन जातो, ती त्याचे व्हिडिओ काढतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, "सर, ड्रोनने डाऊनी आटोक्यात येतो का? आमचे पप्पा म्हणतात ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा." डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. मुलांच्या या प्रश्नाचं उत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नाही. ते मिळेल म्हणून मी गेलो होतो. आता पुढच्या बॅचसाठी ओळखीच्या शिक्षकांचे फोन येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

प्रशिक्षण घेण्यासारखं आहे. फक्त त्यातला मोठा वेळ ड्रोन उडवण्यावर जातो आणि वर्गात नेण्यासारखं जे आहे त्याला कमी मिळतो, हे धरून जा.

पहिलं सत्र नियमांचं होतं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं निघालं. प्रशिक्षकांनी २०२१ चे ड्रोन नियम वाचून दाखवत बसण्याऐवजी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते रंगांनी दाखवणारा नकाशा पडद्यावर लावला आणि प्रत्येकाला आपापली शाळा शोधायला सांगितली. नाशिकमध्ये हे करायलाच हवं. इथे ओझरचं विमानतळ आहे, देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण चालतं, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तीच मर्यादा २०० फूट होते, आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उचलायचाच नाही. ओझरच्या बाजूचे एक सर आपल्या शाळेवर बोट ठेवून गप्पच बसले. त्यांच्या संस्थेने ड्रोनसाठी अंदाजपत्रकात रक्कम टाकून ठेवली होती. तो खर्च करायच्या आधी त्यांना हे कळलं, एवढ्यासाठीसुद्धा त्यांचं येणं सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

याच सत्रात एक गोष्ट मात्र अर्धवट राहिली. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, २ किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनलाही बिगर-व्यावसायिक वापरासाठी लागत नाही, हे त्यांनी सांगितलं. त्याच नियमांत मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधन आणि विकासाच्या कामासाठी, स्वतःच्या आवारात आणि हिरव्या पट्ट्यात, बऱ्याच अटींतून सूट आहे. शिक्षकाला सगळ्यात आधी हीच माहिती हवी, आणि त्यांच्या स्लाइडमध्ये तीच नव्हती. आम्ही विचारत राहिलो, विषय पुढे ढकलला जात राहिला. शाळांसाठी बॅच चालवणाऱ्यांनी शाळांना लागू पडणारं कलम एका पानावर मराठीत छापून द्यायला काय हरकत आहे?

सिम्युलेटर उत्तम. संगणकावर प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळाला, वयाने मोठ्या शिक्षकांचीही भीड चेपली. बॅटरीचं सत्रही मनापासून घेतलं: फुगलेली बॅटरी कशी ओळखायची, उन्हात तापलेली लगेच चार्जिंगला का लावायची नाही, चार्जिंगच्या जागी वाळूची बादली का हवी. मुलांच्या हातात यंत्र देणाऱ्याने हे शिकलंच पाहिजे.

पुढे आम्हाला विंचूरच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या वावरात नेलं. रांगडा कांदा उभा होता, शेजारी द्राक्षबाग, पलीकडे ऊस. याहून चांगली जागा निवडता आली नसती. माझ्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बागेत मिळालं, म्हणून ते जरा बारकाईने सांगतो.

प्रशिक्षकांनी पिवळ्या कागदाच्या छोट्या पट्ट्या वाटल्या. पाण्याचा थेंब पडला की हा कागद त्या जागी निळा होतो. घामाच्या बोटांनीही होतो, म्हणून हातमोजे घालून, कडेला धरून लावायचा. आम्ही बागेतल्या एका ओळीत पट्ट्या लावल्या: काही पानाच्या वरच्या बाजूला, काही पानाखाली, काही मांडवाखाली लोंबणाऱ्या घडांना. मग १० लिटरच्या टाकीचा ड्रोन नुसतं पाणी घेऊन वरून फिरवला. दुसऱ्या ओळीत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालवला. पट्ट्या काढून एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी लावल्या. ड्रोनच्या ओळीतल्या वरच्या पानांच्या पट्ट्यांवर बारीक निळे ठिपके छान दाट होते. पानाखालच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या पिवळ्या. घडांच्या पट्ट्यांवर ठिपके मोजता येतील इतके कमी. ब्लोअरच्या ओळीतल्या पानाखालच्या पट्ट्या निळ्याशार.

डाऊनीची बुरशी पानात शिरते ती खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून, आणि पांढरी वाढ दिसते तीही खालीच. म्हणजे औषध जिथे पोचायला हवं तिथेच ड्रोनचा थेंब पोचत नव्हता. भरगच्च मांडवाच्या बागेत पप्पांचं म्हणणं बरोबर होतं. हे मी मुलांना फळ्यावर सांगितलं असतं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं. त्या पुठ्ठ्याचा फोटो दाखवला तेव्हा वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलं उठून पुढे आली.

उसात उलटं चित्र. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे पात्याने हात कापून घेणं, आणि निफाड तालुक्यात उसात बिबट्या असेल ही धास्ती वेगळी. तिथे ड्रोनचा फायदा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कांद्यात मामला मधला आहे. एकरी ८ ते १० लिटर पाण्यात काम होतं, माणूस औषधात भिजत नाही. पण कांद्याची पात उभी, गुळगुळीत, मेणचट, आणि फुलकिडे बसतात आत गाभ्यात, पातीच्या बेचक्यात. थेंब तिथवर जायला हवा. म्हणून स्टिकर (औषध पातीला चिकटवून ठेवणारं द्रावण), थेंबाचा आकार आणि उडण्याची उंची यांना महत्त्व येतं. प्रशिक्षकांनी हे चांगलं समजावलं, उंची बदलून पट्ट्यांवर दाखवलंसुद्धा.

दुपारी निफाडकडच्या एक ताई आल्या. नमो ड्रोन दीदी योजनेत त्यांच्या बचत गटाला ड्रोन मिळालेला आहे. देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, अनुदान द्यायचं अशी ती योजना. ताईंचं तास-दीड तासाचं बोलणं मला सगळ्या आठवड्यात सर्वांत मोलाचं वाटलं. "सर, वारा कुठून येतो ते मी आधी बघते. मग तारा. मग शेजारचं पीक," असं त्यांनी सुरू केलं. शेजारच्या वावरात रेशमाची तुती आहे का, मधाच्या पेट्या ठेवल्यात का, हे त्या घरी जाऊन विचारतात. सोयाबीन, मका, ऊस, कांदा यांची बोलावणी येतात, द्राक्षाचं क्वचित. बॅटऱ्या किती जोड लागतात, दुपारच्या लोडशेडिंगमध्ये जनरेटर कसा सांभाळायचा, शेतकरी भाव कसा पाडून मागतात, सगळं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. एका मॅडमनी विचारलं, घरच्यांचं काय म्हणणं? ताई म्हणाल्या, "आधी सासूबाईंना पटत नव्हतं. आता त्याच फोन घेऊन तारखा देतात." माझ्या वर्गातल्या मुलींनी हे ऐकायला हवं होतं. ताईंना मी आमच्या विद्यालयात बोलावलं आहे आणि त्या येणार आहेत.

आता नकाशाबद्दल.

मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचा (डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपणाऱ्या) दुसरा, छोटा ड्रोन कांद्यावरून फिरवला. उडवण्याआधी राखाडी रंगाच्या पट्टीचा फोटो घेतला, कारण त्या दिवसाचा सूर्यप्रकाश किती ते कॅमेऱ्याला कळल्याशिवाय आकडे खोटे येतात. फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के चढतील अशा रेघांनी ड्रोन गेला. ते फोटो लॅपटॉपवर जोडायला जेवणाची सुट्टी पुरली नाही. मग पडद्यावर एनडीव्हीआयचा, म्हणजे पिकाचा हिरवा जोम सांगणाऱ्या आकड्याचा, नकाशा आला: बहुतेक हिरवा आणि ईशान्येच्या कोपऱ्यात लाल-पिवळा डाग.

गणित सोपं आहे. हिरवं, निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परावर्तित करतं. निकट-अवरक्तातून लाल वजा करायचं आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. ०.४५ आणि ०.०५ असेल तर उत्तर ०.८, म्हणजे पीक जोमात. ०.३० आणि ०.२० असेल तर ०.२, म्हणजे काहीतरी बिघडलंय नाहीतर जमीनच उघडी आहे. काय बिघडलंय ते हा आकडा सांगत नाही. नेमकं तिथेच आमची चर्चा रंगली. कोणी म्हणालं करपा, कोणी फुलकिडे, कोणी नत्र कमी पडलंय. मीही करप्याच्या बाजूने होतो, रोगशास्त्र शिकवणाऱ्याला आधी रोगच दिसतो.

प्रशिक्षकांनी नकाशा मोबाईलवर घेऊन सगळ्यांना त्या कोपऱ्यात नेलं. पात बुटकी, पिवळसर, पण डाग नाहीत, किडा नाही. एक रोप उपटलं तर मुळं आखूड आणि आडवी पसरलेली. पारई मारली, ती वीतभरसुद्धा आत जाईना. तेवढ्यात शेतमालक नाना आले, वय सत्तरीच्या पुढचं. म्हणाले, "तिथं आमचं खळं होतं. वडील होते तोवर गव्हाची मळणी तिथंच. बैल फिरून फिरून जमीन पार दगड झाली. ट्रॅक्टरवाल्याला दरवर्षी सांगतो खोल घे, तो काही घेत नाही."

इतका मोलाचा धडा मी कोणत्याही कॉलेजात पाहिलेला नाही. कॅमेऱ्याने जागा दाखवली, पारईने खोली सांगितली आणि नानांनी कारण सांगितलं. मुलांना काटेकोर शेती शिकवायची ती याच क्रमाने, असं माझं ठाम मत झालं आहे. नुसता रंगीत नकाशा दाखवला तर मुलं लाल डाग दिसताच युरियाची गोणी उचलतील.

आणि म्हणूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार. अख्ख्या आठवड्यात असा फेरफटका एकच झाला. प्रत्यक्ष उड्डाणासाठी जेवढा वेळ रांगेत उभे राहिलो, त्यातला निम्मा जरी असा वावरात गेला असता तरी बॅचचं चीज झालं असतं. एका वर्गात चाळीस मुलं, ड्रोन एक, बॅटरी दहा-बारा मिनिटांची. प्रत्येकाच्या हाती यंत्र येणारच नाही. पारई मात्र प्रत्येकाच्या घरी आहे.

दुसरी तक्रार त्याहून गंभीर आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर ५ दिवसांनी, १० मीटरच्या चौकोनात. म्हणजे एका एकराचे सुमारे ४० चौकोन. एनडीव्हीआय ब्राउझरमध्येच दिसतो, ड्रोन लागत नाही, परवाना लागत नाही. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा ही चित्रं कामाची राहत नाहीत. पण नाशिकचा खरा हंगामच द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, आकाश निवळल्यावर सुरू होतो. खेड्यातल्या विद्यालयाला याहून स्वस्त प्रयोगशाळा कुठली? या विषयाला शेवटच्या दिवशी चहाच्या आधीचा अर्धा तास मिळाला, आणि चहानंतर शाळांना ड्रोन लॅब विकणाऱ्या पुरवठादाराचं सादरीकरण. ते मात्र संध्याकाळपर्यंत चाललं. लाखोंचे संच, फवारणीच्या ड्रोनसकट. फी भरून आलेल्या शिक्षकांना गिऱ्हाईक समजून बसवणं मला अजिबात आवडलं नाही.

स्लाइड्सबद्दलही बोलायला हवं. बहुतेक इंग्रजीत, आणि चित्रं परदेशातल्या शेकडो एकरांच्या मक्याची. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. इथल्या शेतकऱ्याला काटेकोरपणा नवा नाही. द्राक्ष बागायतदार वर्षानुवर्षं देठ परीक्षण करून खतं ठरवतो, ठिबकमधून रोजचं खत मोजून सोडतो, पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनीचा अंदाज बांधतो. पान ओलं राहण्याचे तास मोजणारा सेन्सर, जमिनीतला ओलावा सांगणारा टेन्शिओमीटर, यांवर एक सत्र होतं, बरं होतं, पण प्रशिक्षकांना द्राक्षातली परिस्थिती ठाऊक नव्हती. बॅचमधल्या पिंपळगावच्या सरांनीच मग अर्धं सत्र घेतलं. त्यांना रीतसर बोलवून मानधन द्यायला हवं.

प्रमाणपत्राचंही स्पष्ट सांगतो, कारण त्यावरून शेवटच्या दिवशी बरीच नाराजी झाली. जाहिरातीत 'प्रमाणित ड्रोन प्रशिक्षण' असं लिहिलं होतं. मिळतो तो सहभागाचा कागद. व्यावसायिक फवारणी करण्यासाठी जे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं ते डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच होतं. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी, मुदत १० वर्षं. काही शिक्षकांनी संस्थेकडून रजा आणि पैसे त्याच आशेवर मिळवले होते. जाहिरातीतलं ते एक वाक्य नीट लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

जेवण आणि राहण्याची सोय चांगली होती, त्यावर जास्त लिहीत नाही.

परत आल्यावर वर्गात काय केलं ते सांगतो. पिवळ्या पट्ट्या मागवल्या, आणि पाठीवरच्या पंपाला वेगवेगळे नोझल लावून मुलांनी स्वतः टोमॅटोवर चाचणी घेतली. पोकळ शंकू आणि सपाट पंखा या दोन प्रकारच्या नोझलच्या ठिपक्यांतला फरक आता त्यांना विचारावा लागत नाही, त्या पट्ट्या वर्गाच्या भिंतीवर आहेत. एनडीव्हीआयची उदाहरणं हाताने सोडवून घेतली. मग प्रत्येकाला आपापल्या घरचा गट उपग्रहाच्या नकाशात शोधायला लावला, कमी दिसणारा भाग निवडून तिथे जाऊन कारण लिहून आणायला सांगितलं. एका मुलीने बागेच्या शेवटच्या ओळी फिक्या दिसतात असं टिपलं आणि घरी जाऊन लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, टोकं उघडली. क्षारांनी ड्रिपर चोकअप झाले होते. वडिलांनी ॲसिड ट्रीटमेंट दिली. तिच्या वहीतलं ते पान मी बाकीच्या वर्गांनाही दाखवतो. दुसऱ्या मुलाच्या लाल डागाखाली निघाला कांदा चाळीचा पत्रा. त्याने तेही प्रामाणिकपणे लिहिलं, आणि जमीन उघडी असली किंवा छप्पर असलं तरी आकडा कमी येतो हे सगळ्यांना आपोआप समजलं.

ड्रोन आम्ही अजून घेतलेला नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात १०० टक्के, कमाल १० लाखांपर्यंतचं साहाय्य आहे ते कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं अशा संस्थांना. तेव्हा आमच्यासारख्या विद्यालयांनी आधी आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे प्रात्यक्षिकाची मागणी करावी असं मला वाटतं. नाशिकला मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहेच. स्वतःचा घ्यायचाच तर नॅनो वजनाचा साधा कॅमेऱ्याचा घ्या. पात कशी दिसते, ओळी कुठे तुटल्यात, पाणी कुठे तुंबलंय, हे त्यातूनही दिसतं.

पुढच्या बॅचला जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारून घ्या: मिळणारं प्रमाणपत्र नेमकं कोणतं, आणि नकाशा हातात घेऊन वावरात किती वेळ नेणार. शक्यतो डिसेंबर-जानेवारीतली बॅच धरा. तेव्हा कांदा उभा असतो, बाग भरलेली असते आणि आकाश मोकळं असतं. जून-जुलैच्या बॅचमध्ये तुम्हाला सिम्युलेटरच जास्त बघायला मिळेल. जाताना पारई मात्र आपली घेऊन जा, तिथे सगळ्यांत मिळून एकच होती.